प्रोबेशन, पोट आणि ठाण्याचा फलाट

विचारलंत म्हणून : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही नव्या नोकरीची आणि जुन्या दुखण्याची. पहिल्याला जरा जास्त जागा गेली, कारण तो आजार माझ्याही घरचाच आहे. मी डॉक्टर नाही. एका सहकारी बँकेत रोखपाल म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. यातली बरीचशी वर्षं मोठ्या आतड्याची सूज सांभाळत काढली. एवढ्या भांडवलावर लिहिते आहे.

प्रश्न : ताई, माझं वय २६, बदलापूरला आईवडिलांबरोबर राहतो. दोन वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचं, निदान झालं. त्याआधी कितीतरी महिने मूळव्याध समजून मलमं आणि चूर्णं चालू होती. मेसालामाइनच्या गोळ्यांनी बरा होतो. आता विक्रोळीला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये लागलोय, सहा महिने प्रोबेशन आहे. पहाटे साडेचारला उठतो, फास्ट लोकलने ठाण्याला येतो, तिथून स्लो पकडतो. वाटेत घाईची लागेल या भीतीने ऑफिसला पोचेपर्यंत पोटात काही घालत नाही, कधी कधी दुपारपर्यंतही. टॉयलेट मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, साहेबांच्या केबिनवरून जावं लागतं. परवा ते काचेतून बघून म्हणाले, ‘परत?’ सगळे हसले. डब्याच्या वेळी गोळी काढली की दहा प्रश्न विचारतात, म्हणून दुपारची गोळी हल्ली राहते. कंबर दुखते तर दुकानातून पेनकिलर आणून घेतो. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जावं लागतं, रजा कशी मागू? आई कुड्याची साल उगाळून देते, ती म्हणते तिखट सोड, सगळं बरं होईल. ऑफिसात सांगू का? सांगितलं तर कायम करतील का?

उत्तर : तू ताई म्हटलंस, तेव्हा अरेतुरे करते.

आधी दुपारच्या गोळीचं बोलू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या आजारात बरं वाटतं ते गोळी चालू असते म्हणून. गोळी सुटली की आजार लगेच दार वाजवत नाही, काही आठवडे गप्प बसतो. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवायही जमतंय. मग एक दिवस रक्त दिसतं. तुझ्या डॉक्टरांना सरळ विचार : ‘दिवसाचा सगळा डोस सकाळी एकदाच घेतला तर चालेल का?’ मेसालामाइनच्या बाबतीत बऱ्याच जणांना तसं चालतं, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ते सोपं जातं. मात्र हा बदल डॉक्टरांनी करायचा, तू गोळ्या एकत्र करून नाही. एवढ्या एका प्रश्नाने डब्याच्या वेळचे दहा प्रश्न मिटतील.

पेनकिलर बंद कर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी आपल्यासारख्यांचं आतडं पुन्हा भडकू शकतं. दुकानदाराला ते माहीत असेलच असं नाही, तो कंबर बघून गोळी देतो. दुखलंच तर काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून आण, बहुधा पॅरासिटामॉल सांगतील. आणि कंबर दुखते हेही त्यांना सांग. या आजारात सांधे आणि पाठ धरते, ती नेहमी लोकलच्या धक्क्यांमुळेच दुखते असं नाही.

आता उपाशी राहण्याचं. पोटात काही नसलं की काही होणार नाही, हा हिशेब आपण सगळेच मांडतो आणि तो चुकतो. आतडं सुजलेलं असेल तर उपाशीपोटीही कळ येते. शिवाय पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, हे कुणाचंही होतं. तान्हं बाळ दूध पिता पिताच दुपटं खराब करतं, ते याचमुळे. तू पाच-सहा तास उपाशी राहून ऑफिसात पहिला गरम चहा ढोसतोस, तेव्हा ती हालचाल नेमकी साहेबांच्या केबिनसमोर सुरू होते. तीच घरी होऊ दे. उठल्याबरोबर काहीतरी मऊ, कोमट खा. मी तांदळाची पेज घ्यायचे, मीठ आणि वर चमचाभर तूप. तुला पेज नको असेल तर केळं, उपमा, मऊ भात, जे सोसतं ते. मग निघायच्या आधी तासभर घरात राहा. या तासात एकदा, कधी दोनदा जाऊन येशील आणि हलक्या पोटाने स्टेशन गाठशील. त्यासाठी रात्री लवकर झोपावं लागेल, मोबाइल बाजूला ठेवावा लागेल. याला दुसरी वाट मला सापडलेली नाही.

लोकलच्या डब्यात संडास नाही, एसी लोकलमध्येही नाही. मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम चालवली ती मुख्यतः स्वच्छ, फुकट मुतारीसाठी. आपल्यासारख्यांची अडचण त्याच्या एक पायरी पुढची आहे आणि तिच्याबद्दल कुणी मोर्चा काढणार नाही. तेव्हा जे आहे त्यातून वाट काढायची. बदलापूरहून सुटणारी गाडी धर, कर्जत-खोपोलीहून भरून येणारी नको. निदान आत उभं राहायची जागा तरी आपल्या मनाची मिळते. फास्ट गाडी डोंबिवलीनंतर बहुतेक वेळा थेट ठाण्याला थांबते, आणि तोच टप्पा तुला सगळ्यात लांब वाटत असणार. दुखणं वर आलं असेल त्या दिवशी स्लो पकड. वेळ जाईल, पण दर तीन-चार मिनिटांनी फलाट येतो आणि फलाट येतो आहे एवढ्या खात्रीनेच निम्मी कळ बसते. हे मी अनुभवाने सांगते, आमच्यातले बरेच जण हेच सांगतात.

तू ठाण्याला गाडी बदलतोस, हे तर तुझं नशीबच. तिथे धावत जिना चढून पुढची स्लो पकडू नकोस. वीस मिनिटं हातात ठेवून घरून निघ. ठाण्याच्या फलाटावरचं कुठलं शौचालय सकाळी उघडं असतं, कुठे पाणी असतं, कुठे रांग लागते, हे एखाद्या रविवारी सवडीने पाहून ठेव. मग मुलुंड, भांडुप, विक्रोळी असाच एकेक ठिपका मनात ठेव. पँट गडद रंगाची. बॅगेच्या तळाशी एक पिशवी : जास्तीची अंडरपँट, ओले टिश्यू, दोन प्लास्टिकच्या थैल्या, ओआरएसची पुडी. लाजू नकोस. माझ्या पर्समध्ये ही पिशवी अजून असते, नातवंडांना वाटतं आजी खाऊ लपवते.

आता ‘परत?’ म्हणणाऱ्या साहेबांकडे वळू.

मी रोखपाल होते तेव्हा आमच्या शाखेत कॅश काउंटर म्हणजे जाळीचा पिंजरा होता. आतून कडी. उठायचं तर नोटा मोजून खणात, खणाला कुलूप, किल्ली जवळ, मग कडी उघडायची आणि समोरच्या रांगेचे चेहरे बघत बाहेर पडायचं. पेन्शनच्या दिवशी ती रांग दारापर्यंत जाई. आमच्या हेड कॅशिअरना मी एक दिवस कामाच्या भाषेत सांगितलं, ‘मला आतड्याचा आजार आहे, औषध चालू आहे. कधी कधी मला मिनिटभरात उठावं लागतं, कॅश बंद करायला तेवढा वेळ नसतो. मी लाल पेन खिडकीवर आडवं ठेवलं की तुम्ही येऊन पिंजऱ्यात बसाल का?’ ते म्हणाले, ‘पेन कशाला, हाक मारा.’ मी म्हटलं, ‘हाक मारली तर रांगेला कळेल.’ त्यांनी मान डोलावली. त्यानंतर लाल पेन आडवं दिसलं की ते चष्मा सावरत येत आणि मी येईपर्यंत खणाला हात न लावता नुसते खुर्चीत बसून राहत. कुणी विचारलं तर म्हणत, मॅडम व्हाउचर आणायला गेल्यात. आजार काय, कसा, किती दिवसांचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगत बसले नाही.

माझं म्हणणं एवढंच की, साहेबांपाशी आजाराची कहाणी नेऊ नकोस, मागणी ने. निदान झालं कसं, रक्त किती गेलं, कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, काय दिसलं, हे सगळं ऐकून माणूस घाबरतो आणि घाबरलेला वरिष्ठ आपल्याला काम द्यायला कचरतो. चार वाक्यं पुरे. ‘सर, मला मोठ्या आतड्याचा जुना आजार आहे, संसर्गाचा नाही, उपचार चालू आहेत. कधी कधी मला चालू मीटिंगमधून लगेच उठावं लागतं. दाराजवळची जागा मिळाली तर बरं होईल. आणि तीन महिन्यांतून एक दिवस डॉक्टरांकडे जावं लागतं.’ पाचवं वाक्य तुझ्या ओठांवर येईल, मला माहीत आहे : ‘पण कामावर काही परिणाम होणार नाही, सर.’ ते गिळ. एखाद्या दिवशी होईल परिणाम, आणि तेव्हा तेच वाक्य तुझ्यासमोर धरतील.

कधी बोलायचं? तू अकाउंट्सचा आहेस, तुझा महिना तुला पाठ असेल : ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला दुसरं, ३बी. वीस तारीख नीट पार पडली की एकविसाव्या दिवशी सगळ्यांचेच खांदे सैल होतात. त्या संध्याकाळी, केबिनमध्ये, दार लावून. कळ आलेली असताना दारात उभं राहून नाही. डॉक्टरांची तारीखही महिन्याच्या त्याच टोकाला घे. वीस तारीख सांभाळून रजा मागणाऱ्या अकाउंटंटला ‘नाही’ म्हणणं कठीण असतं.

बाकीच्यांना सांगायचं बंधन नाही. ‘पोट नाजूक आहे माझं’ एवढ्यावर भागतं. कुणी वडापावची पार्टी दिली तर हातात पाव घेऊन कोरडा खा, कुणाचं लक्ष नसतं. आईला सांग, तिखटाने हा आजार होत नाही, टेन्शननेही होत नाही. पण एखादा पदार्थ तुला सोसत नसेल तर तो तुझ्यापुरता सोडायचा, आणि त्यासाठी आठवडाभर काय खाल्लं ते वहीत लिहून बघायचं. कुड्याची साल आपल्याकडे आवेवर पिढ्यान्‌पिढ्या देतात, आईचा जीव त्यात आहे, तेव्हा तिच्याशी भांडू नकोस. पण देते आहे हे डॉक्टरांना सांग आणि गोळीच्या जागी ती घेऊ नकोस.

कायद्याचं विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण व्हॉट्सअॅपवर भलतंच फिरतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहेत. आपला आजार नाही. त्यामुळे दिव्यांगांच्या डब्यात चढू नकोस, उतरवतील. ऑफिसात जे मिळेल ते मागून आणि पटवून. रजेचं मात्र थोडं बरं आहे : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या ऑफिसांना लागू आहे तिथे वर्षाला ८ पगारी नैमित्तिक रजा मिळतात, त्या तिमाहीच्या हिशेबाने खात्यात पडतात आणि वर्षाअखेर राहिलेल्या बुडतात. तीन महिन्यांतून एक दिवस तुला त्यातूनच काढता येईल. नेमणूकपत्र एकदा नीट वाच, प्रोबेशनमधल्या रजेबद्दल काय लिहिलंय ते बघ.

कंपनीच्या ग्रुप विम्याचा फॉर्म आला की आजार लपवू नकोस. बऱ्याच ग्रुप पॉलिसींमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, एचआरला तेवढं विचारून घे. दर महिन्याच्या गोळ्या मात्र त्यातून बहुधा मिळत नाहीत. घरची स्वतःची पॉलिसी असेल तर ती बंद करू नकोस. जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावता येतं, आणि पॉलिसी सोडून पुन्हा घेतलीस तर ती वर्षं पहिल्यापासून मोजतात.

खूप थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपास. रक्त जाणाऱ्याला ते बऱ्याचदा कमी असतं, आणि आपण मात्र प्रवासाला दोष देत बसतो. आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास होतेय, ताप आहे, छाती धडधडतेय, असं झालं तर प्रोबेशन वगैरे काही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

कायम करतील का, हे मला सांगता येणार नाही. ‘परत?’ म्हणणारे साहेब वाईटच असतात असंही नाही. काही जणांना शांतता सोसत नाही म्हणून ते बोलतात. तुझ्या चार वाक्यांनंतरही ते हसले, तर दुसरी नोकरी बघायला लाग, तुझ्या शिक्षणाला मागणी आहे. आणि पुढच्या वेळी मुलाखतीला गेलास की आधी टॉयलेट कुठे आहे ते बघून ये. मी मजेने म्हणत नाही.

प्रश्न : मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागाची सुपरवायझर आहे. नवीन मुलगी लागलीय, कामाला चोख, पण सकाळी सातच्या पाळीत पहिला तास-दीड तास तिची बोटं चालत नाहीत. खोक्याची पट्टी लावताना दाताने ओढते. साडेआठनंतर इतरांच्या पुढे जाते. कुणीतरी म्हणालं संधिवात आहे. विचारू का? काढून टाकतील या भीतीने ती बोलत नाही असं वाटतं.

उत्तर : आजाराचं नाव विचारू नका, कामाचं विचारा. ‘सकाळी तुला हाताला त्रास होतो असं दिसतं. काय केलं तर बरं पडेल?’ एवढंच, आणि सगळ्यांसमोर नाही. तिने सांगितलं तर ठीक, नाही सांगितलं तरी तुम्ही विचारलंत हे तिच्या लक्षात राहील.

सुजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा हे लक्षणच असतं, तास-दोन तास टिकतो आणि हालचालीने सुटतो. तो आळस नाही, हे तुम्ही ओळखलंतच. दुसऱ्या पाळीत जागा असेल तर तिला विचारून द्या. तिच्या भल्यासाठी म्हणून परस्पर बदलू नका, घरी लहान मूल असेल, शेवटची बस असेल. पाळी बदलता येत नसेल तर पहिला तास तिला मोजणी किंवा चलनं द्या आणि पट्ट्या नंतर. पट्टी कापायचं हातातलं साधं यंत्र मिळतं, ते एकीला नको, सगळ्या टेबलांवर ठेवा. दात सगळ्यांचेच वाचतील. तिने औषध चालू आहे म्हटलं आणि आठवड्यातून एका ठरावीक वारी गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळतं असं सांगितलं, तर त्यात नवल नाही. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. तो वार शनिवार करता येईल का ते तिने डॉक्टरांना विचारावं, म्हणजे मळमळ रविवारी घरी जाईल.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका शाळेत जूनपासून शिक्षिका म्हणून लागले. लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. चौथ्या तासाला साखर उतरते, हात कापतात. मुलांसमोर काही खाणं बरं दिसेल का? इन्सुलिन कुठे घेऊ?

उत्तर : खा. मुलांसमोरच खा. साखर ७० च्या खाली गेली की शोभेचा प्रश्न उरत नाही. तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर हळू चढते. बिस्किटं नंतर. रोज चौथ्याच तासाला उतरत असेल तर सकाळचा डोस आणि नाश्ता जुळत नाहीत. आठवडाभराचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

इन्सुलिन स्टाफरूममध्ये बसून घ्या, संडासात नको, तिथली हवा आणि हात दोन्ही बरे नसतात. चार दिवस बघतील, पाचव्या दिवशी कुणी मान वर करणार नाही. चालू पेन फ्रीजमध्येच पाहिजे असं नाही, पण उन्हातल्या स्कूटीच्या डिकीत मुळीच ठेवू नका.

शेजारच्या वर्गाच्या बाईंना आणि शिपाईमामांना सांगून ठेवा : बोलणं अडखळलं, घाम सुटला तर साखरपाणी द्यायचं; शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून थेट दवाखान्यात न्यायचं. आणि ग्लुकोजचा डबा स्टाफरूमच्या कपाटात ठेवू नका. त्या कपाटाची किल्ली जिच्याकडे असते ती नेमकी त्या दिवशी रजेवर असते. वर्गातल्या टेबलाच्या खणात ठेवा, खडूंच्या शेजारी.